जन्माच्या घराचा शोध: दत्तक व्यक्तीला काय कळू शकतं, काय नाही

परदेशात वाढलेली पन्नाशीची बाई पुण्या-मुंबईत उतरते. जवळ लहानपणीचा पासपोर्ट, त्यावर बाळाचा फोटो, एका संस्थेचं नाव आणि एक तारीख. तिला जन्म देणारी आई शोधायचीय. अशी बातमी अधूनमधून वाचनात येते. स्वित्झर्लंडच्या सरकारने तर डिसेंबर २०२३ मध्ये एक अहवाल जाहीर केला. १९७० ते १९९९ या काळात दहा देशांतून तिथे दत्तक गेलेल्या मुलांच्या कागदपत्रांत गैरप्रकारांच्या खुणा सापडल्याचं त्यात म्हटलं आहे. त्या दहा देशांत भारत आहे.

बातमी परदेशातली असली तरी प्रश्न इथलाच आहे. कराड, वाई, विटा, तासगाव, कुठल्याही गावात दत्तक आलेली आणि दत्तक गेलेली माणसं भेटतील. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस नाव विचारायच्या आधी 'गाव कुठलं, पाहुणे कुठले' असं विचारतो. लग्नाच्या बोलणीत देवक निघतं. दवाखान्यात केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, 'घरात कुणाला शुगर, बीपी, हार्टचा त्रास?' आपण दत्तक आहोत हे ज्याला माहीत आहे तो या तिन्ही ठिकाणी क्षणभर अडखळतो आणि वाढवणाऱ्या घराचं उत्तर देऊन मोकळा होतो. पहिल्या दोन ठिकाणी ते उत्तर बरोबरच असतं. तिसऱ्या ठिकाणी ते चुकीचं असतं, आणि चुकीची माहिती देण्यापेक्षा 'माहीत नाही' म्हणणं डॉक्टरच्या जास्त उपयोगाचं.

दत्तक झालं म्हणजे कायद्याने काय होतं?

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा आहे. तो बौद्ध, जैन आणि शीख समाजालाही लागू होतो. त्याचा गाभा एवढाच, की दत्तक झालेल्या दिवसापासून मूल नव्या घराचं. नाव, वारसा, नातीगोती सगळं नव्या घराकडून. जुन्या घराशी असलेला कायदेशीर संबंध संपतो, आणि रीतसर झालेलं दत्तक पुढे कुणालाही मोडता येत नाही. घेणाऱ्यांना नाही, देणाऱ्यांना नाही, मुलाला स्वतःलाही नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. जन्माच्या घरातल्या ज्या नात्यांत लग्न करता आलं नसतं, त्या नात्यांत दत्तक गेल्यावरही करता येत नाही. म्हणजे कायदा एकीकडे म्हणतो की ते घर आता तुझं राहिलं नाही, आणि दुसरीकडे बजावतो की तिथल्या बहिणीशी लग्न करू नकोस. पण ती बहीण कोण, हे कळायचं कसं? याचं उत्तर त्या कायद्यात नाही.

साताऱ्याला दत्तकाचा विषय नवा नाही. १७५० मध्ये ताराराणींनी, शाहू महाराजांना दत्तक आलेल्या रामराजांबद्दल, जाहीर केलं की हा माझा नातू नव्हेच, आणि साताऱ्याच्या गादीवरचा राजा किल्ल्यावर कैदेत गेला. पुढे १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला. डलहौसीने तो मानला नाही आणि राज्य खालसा केलं. दोन्ही वेळा वाद 'गादी कुणाची' हा होता. त्या मुलाला स्वतःला काय जाणून घ्यायचं होतं, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. आपल्या बोलण्यात आजही दत्तक म्हटलं की पहिला विचार वारसाचा येतो, तो असा जुना आहे.

मूल कोणत्या वाटेने आलं, यावर पुढचं सगळं अवलंबून

सर्वांत ओळखीची वाट घरातली. थोरल्या भावाला मूल नाही म्हणून धाकट्याचा मुलगा दिला, बहिणीची मुलगी घेतली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दत्तकपत्र नोंदवलं, चार पाहुण्यांना जेवू घातलं. अशा मुलाला शोध घ्यावाच लागत नाही. जन्मदाता बाप 'काका' म्हणून समोरच्या पडवीत बसलेला असतो. गंमत अशी, की अख्ख्या भावकीला ठाऊक असतं आणि फक्त मुलाला ठाऊक नसतं. मग कुणाच्या तरी लग्नात एखादी म्हातारी आत्या सहज बोलून जाते.

दुसरी वाट संस्थेची. हल्ली तिचा आधार बाल न्याय कायदा २०१५. जन्मदाती आई किंवा आई-वडील मूल सांभाळू शकत नसतील तर ते बाल कल्याण समितीसमोर समर्पणपत्रावर सही करतात. ही समिती म्हणजे जिल्ह्यातली, मुलांबाबत निर्णय देणारी अधिकृत समिती. सहीनंतर ६० दिवस फेरविचाराला असतात. तेवढ्यात आई परत आली तर मूल तिला मिळू शकतं. मूल बेवारस सापडलं असेल तर पालकांचा शोध घेतला जातो, आणि दोन वर्षांपर्यंतचं मूल दोन महिन्यांत, त्याहून मोठं चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं जाहीर होतं. मग संस्था, 'कारा' ही दिल्लीतली केंद्रीय यंत्रणा, आणि सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. या वाटेवर कागद पडत जातात. शोधाची खरी सोय इथेच आहे.

तिसरी वाट अंधाराची. दवाखान्यातून किंवा ओळखीतून मूल 'थेट' घेतलं आणि जन्मनोंदच घेणाऱ्या बाईच्या नावावर केली. हा गुन्हा आहे. मूल विकलं-विकत घेतलं असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि दवाखान्यातल्या माणसांचा हात असेल तर तीन ते सात वर्षं. शिक्षेपेक्षाही मला दुसरी गोष्ट जास्त खुपते. इथे फाइलच नसते. तीस वर्षांनी मुलगी विचारायला लागली तर दाखवायला एक चिठोरंही नाही. आणि आठवणारी माणसं तोवर उरलेली असतील याचा भरवसा नाही.

'मूळशोध' म्हणजे काय, आणि तो कोण करू शकतं?

दत्तक व्यक्तीने आपल्या जन्मदात्यांची, जन्माच्या परिस्थितीची माहिती अधिकृतपणे मागणं याला दत्तक नियमावलीत 'रूट सर्च' म्हणतात. आपण मूळशोध म्हणू. सध्याची नियमावली २०२२ ची. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती 'कारा'कडे स्वतः अर्ज करू शकते. त्याहून लहान असेल तर दत्तक आई-वडिलांसोबत. संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, राज्याची यंत्रणा, परदेशातला भारतीय दूतावास, यांच्यापैकी कुणाकडेही दत्तक व्यक्ती गेली तर त्यांनी मदत करायची आहे. 'आमच्याकडे असलं काही होत नाही' हे उत्तर नियमात बसत नाही.

पण फाइल सरसकट उघडत नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसं समजा. एक किल्ली दत्तक व्यक्तीकडे. दुसरी जन्मदात्या आईकडे, जर तिने मूल देताना 'माझं नाव कुणाला कळू नये' असं सांगितलं असेल तर. अशा वेळी संस्थेने किंवा समितीने आधी तिची संमती विचारायची. ती नाही म्हणाली, किंवा सापडलीच नाही, तर नाव मिळत नाही. तरीही हात हलवत परत पाठवायचं नाही: मूल कोणत्या कारणाने, कोणत्या परिस्थितीत दिलं गेलं, हे दत्तक व्यक्तीला सांगितलं गेलं पाहिजे, असं नियमच म्हणतो. ही तरतूद फार थोड्या लोकांना माहीत असते, आणि काही वेळा टेबलापलीकडच्या माणसालाही नसते. 'नाव मिळणार नाही' ऐकून उठून जाऊ नका. 'मग परिस्थिती सांगा' म्हणा, आणि तेही लेखी मागा.

तिसऱ्या माणसाला ही माहिती मागता येत नाही. स्थळ बघायला आलेल्यांनी 'मुलगी मुळात कुणाची' म्हणून संस्थेकडे चौकशी केली तर दार बंद. शेजाऱ्याला बंद, पत्रकारालाही बंद.

कागद कुठे असतात?

बहुतेक शोध इथे अडतात किंवा इथेच सुटतात, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवात घरातल्या कपाटापासून करावी. संस्थेतून मूल घेताना दत्तक पालकांना दोन कागद दाखवून त्यांवर सह्या घेतल्या जातात: मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल. पहिल्यात मूल संस्थेत कधी आणि कसं आलं, दिलेलं की सापडलेलं, याची नोंद असते. दुसऱ्यात जन्माचं वजन, तपासण्या, लशी. डॉक्टरच्या त्या प्रश्नाला थोडंफार उत्तर मिळालं तर इथे मिळतं. कपाटात ते नसतील तर त्याचं कारण पाणीही असू शकतं. कृष्णेच्या २००५ आणि २०१९ च्या पुरात सांगलीतल्या किती घरांतल्या फायलींचा लगदा झाला, हे सांगलीकरांना सांगायला नको. संस्थेकडून प्रत मागता येते.

जन्मदाखल्याकडून फार आशा ठेवू नका. संस्थेतून दत्तक झाल्यावर निघणाऱ्या दाखल्यावर आई-वडील म्हणून दत्तक पालकांचीच नावं असतात. पुष्कळजण तोच दाखला घेऊन नगरपालिकेत हेलपाटे घालतात.

सापडलेल्या बाळाबाबत पोलीस ठाण्याची नोंद महत्त्वाची: कुठे, किती वाजता, कुणाला सापडलं, अंगावर काय होतं. कधी वर्तमानपत्रातली जाहिरात. आईचं नाव त्यात नसतं, पण जागा असते. कित्येकांना तेवढंच मिळतं, आणि ते त्या जागेवर जाऊन उभे राहून येतात.

जुन्या, विशेषतः परदेशी गेलेल्या मुलांच्या बाबतीत एक खाच आहे. पूर्वी परदेशी जोडप्यांना, आणि इथल्या ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी कुटुंबांनाही, रीतसर दत्तक घेता येत नसे. ते १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टातून मुलाचे 'पालक' नेमले जात. परदेशी जोडपी दत्तकाचा कागद मायदेशी गेल्यावर करत. त्यामुळे इथल्या कोर्टात 'दत्तकाचा अर्ज' शोधला तर काहीच सापडत नाही. 'पालकत्वाचा अर्ज' शोधावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकासाठी शिस्त घालून दिली. त्याआधीच्या फायली जास्त विस्कळीत असणार, हे धरून चालावं.

आणि कागदावरच्या पत्त्याला मूळगाव समजू नये. मिरजेचंच घ्या. रेल्वेचं जंक्शन, दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातूनही माणसं उपचाराला येणार. कुमारी माता किंवा विधवा बाई बाळंतपणासाठी मुद्दाम ओळखीच्या माणसांपासून लांब जाते. म्हणून 'जन्म: मिरज' याचा अर्थ आई मिरजेची, असा होत नाही. ती जत, अथणी, विजापूर, कुठलीही असू शकते. नावही तिने खरं दिलं असेलच असं नाही, आणि त्यासाठी तिला खोटारडी म्हणायचं कारण नाही.

'डीएनए चाचणी केली की झालं ना?'

तरुण मंडळींचा हा पहिला प्रश्न. नळीत थुंकी भरून पाठवायची, काही आठवड्यांत नातेवाइकांची यादी येते, असं त्यांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं.

ही चाचणी तुमचा नमुना कंपनीकडे असलेल्या इतर नमुन्यांशी जुळवते. आई किंवा वडिलांशी आपला निम्मा डीएनए सारखा असतो. सख्ख्या भावंडांशी साधारण निम्मा, आजी-आजोबांशी सुमारे २५ टक्के, चुलत-मामे भावंडांशी सुमारे साडेबारा, त्यापुढच्या फळीतल्या भावंडांशी तीनेक टक्के. किती टक्के जुळतं त्यावरून नातं किती जवळचं याचा अंदाज बांधतात.

पहिली अडचण उघड आहे: तुमच्या नात्यातल्या कुणीतरी चाचणी केलेली असली पाहिजे. या कंपन्यांचे ग्राहक मुख्यतः अमेरिका-युरोपातले. खटावच्या आजीने नळीत थुंकी भरलेली नसते. भारतातून परदेशी दत्तक गेलेली भावंडं यातून एकमेकांना सापडू शकतात, कारण दोघंही तिकडे असतात. इथे वाढलेल्याच्या हाती बहुधा पाचव्या-सहाव्या पिढीतलं कुणीतरी लागतं, तेही न्यू जर्सीत.

दुसरी अडचण आपल्या सोयरिकींची आहे. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच, आणि बऱ्याचदा पंचक्रोशीतल्याच घरांत लग्नं. कित्येक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत. दोन माणसं मग एका बाजूने चुलत, दुसऱ्या बाजूने मामे, तिसरीकडून आणखी काही लागतात आणि त्यांचा सारखा डीएनए वाढतो. संगणकाला हे कळत नाही. तो लांबच्या पाहुण्याला जवळचा ठरवतो. 'हे तुमचे चुलतभाऊ' असं आलं तर आपल्या भागातल्या माणसाने त्यातून एक-दोन पायऱ्या वजा करूनच वाचावं.

तिसरी गोष्ट लॉकरच्या दुसऱ्या किल्लीची. डीएनए त्या आईला विचारत नाही. तिने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असलं तरी तिच्या भाच्याने हौसेने केलेली चाचणी ते फोडू शकते. हे कायद्याने रोखणं अवघड आहे. म्हणून जुळणी मिळाली तरी थेट त्या घराच्या दारात किंवा फेसबुकवर तिच्या मुलाच्या इनबॉक्समध्ये जाऊ नये. मधे संस्थेचा किंवा अनुभवी समुपदेशकाचा माणूस असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

'वाढवलं त्यांनी, आणि आठवण जन्म देणारीची? हा कृतघ्नपणा नाही का?'

मोठी माणसं हे बोलतात तेव्हा त्यात दत्तक आईची बाजू घेण्याची चांगली भावना असते. पण ज्या मुलीने आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रजा काढली, वडिलांच्या पेन्शनचे कागद केले, तीच मुलगी संध्याकाळी 'कारा'चा अर्ज भरत असते. तिला यातलं काही बदलून हवं असतं असं नाही. तिला आपला चेहरा कुणासारखा आहे हे बघायचं असतं. आपल्यापैकी बाकीच्यांना ते न मागता मिळालेलं असतं, म्हणून त्याची किंमत कळत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाईंचं जन्मगाव. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. तो कुणाचा हे तेव्हाही लोकांना ठाऊक होतं. तो डॉक्टर झाला, जोतीरावांनी मृत्युपत्रात त्यालाच वारस केलं, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्याच्या कामात रोग्यांची सेवा करता करता गेल्या. जन्म उघड असल्याने त्या घराचं नातं पातळ झाल्याचं दिसत नाही.

'उद्या जमिनीत हिस्सा मागेल'

नाही मागू शकत. दत्तक गेलेल्याचा जन्माच्या घरातल्या वारशावरचा पुढचा हक्क संपलेला असतो. दत्तक जाण्याआधीच एखादी मालमत्ता त्याच्या स्वतःच्या मालकीची झालेली असेल तर ती त्याचीच राहते, एवढाच काय तो फरक. सातबाऱ्याची भीती घालून कुणी घरात शोध थांबवत असेल तर त्याला हे सांगावं.

'त्या बाईचा संसार मोडला तर?'

ही शंका खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी कुणालाही न सांगता बाळंत झालेली मुलगी आज कुणाची तरी सून आहे, सासू आहे. नवऱ्याला ठाऊक नसेल. म्हणूनच नियम असा आहे की मुलाच्या हक्काने आईच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये. शोधणाऱ्याने याची तयारी आधीच करावी. दार उघडणारी बाई मिठी मारेलच असं नाही. 'मी ती नव्हेच' म्हणेल, किंवा एकदाच, लांब कुठल्या तरी देवळात, तास-अर्धा तास भेटेल. आणि कधी कधी कळतं की ती गेल्यालाच दहा वर्षं झाली.

मुलाला सांगायचं कधी?

दत्तक पालक हे सारखं विचारतात. कळत्या वयाची वाट बघू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला गोष्टीतून सांगितलं, आणि वय वाढेल तसा तपशील वाढवत नेला, की 'तू आमच्याकडे कशी आलीस' हे त्याच्यासाठी बारशाच्या आठवणींसारखं नेहमीचं होतं. नियमावलीही म्हणते की पालकांनी वयाला साजेसं सांगणं मूळशोधासाठी महत्त्वाचं आहे. लपवून ठेवलेलं पुढे दहावीच्या दाखल्यावरून, पुण्याच्या कॉलेजातल्या रक्तगटाच्या कार्डावरून किंवा त्या आत्याकडून कळतंच, आणि तेव्हा मुलाचा राग दत्तक असण्यावर कमी आणि लपवण्यावर जास्त असतो.

कागदांच्या दोन प्रती काढाव्यात, एक स्कॅन करून ठेवावी. अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, आदेश, संस्थेचा तेव्हाचा पत्ता. संस्था बंद पडतात, पत्ते बदलतात.

आणि ती आई?

आतापर्यंत सगळा शोध एका बाजूने झाला. उलट दिशेने काय? मूल देणाऱ्या आईला वीस वर्षांनी वाटलं की ते बाळ कसं आहे हे कळावं, तर मूळशोधाचा अर्ज तिच्यासाठी नाही. तो दत्तक व्यक्तीनेच करायचा आहे. बाळ कुठल्या घरात गेलं हे तिला सांगितलं जात नाही, आणि लहान मुलाच्या बाबतीत ते योग्यही आहे. पण मूल अठराचं झाल्यावर तरी, 'माझं मन बदललंय, आता विचारलं तर माझा पत्ता द्या' असं फाइलमध्ये लिहून ठेवण्याची साधी सोय आईला हवी. वीस वर्षांपूर्वी घाबरून केलेल्या सहीवर संस्था आज तिला शोधत फिरण्यापेक्षा ते कितीतरी सोपं पडेल. तूर्त एवढं करता येईल: अशी कुणी बाई ओळखीत असेल, तर तिने मूल दिलेल्या संस्थेला किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला साध्या कागदावर अर्ज लिहून तो फाइलला लावायला सांगावा, आणि पोच घ्यावी.